विश्लेषण : ‘स्पोर्टी’ पेडल, जाड मॅट आणि अडकलेला ॲक्सिलरेटर... गाडीची ही सजावट धोक्याची का ठरते?

दसऱ्याला नवी गाडी दारात आली की तिची पहिली फेरी देवळाकडे होते आणि दुसरी कार डेकोरच्या दुकानाकडे. हिंगोलीही त्याला अपवाद नाही. ‘एमएच ३८’ची नंबरप्लेट लागायच्या आत सीट कव्हर, फ्लोअर लॅमिनेशन, सेव्हन-डी मॅट ही यादी ठरलेली असते. गाडी घेणारा तरुण असेल तर हल्ली त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर बसणारी चकचकीत ॲल्युमिनियमची ‘स्पोर्ट’ कव्हर आणि दुसरी पायांपाशी लावायचे निळे-तांबडे एलईडी दिवे. अर्ध्या तासाचे काम असते आणि गाडी आतून रेसिंग कारसारखी दिसू लागते. मात्र गाडीच्या आतली ही एकच जागा अशी आहे, जिथली सजावट थेट ब्रेकवर जाऊन बसते. सीट कव्हर ढिले निघाले तर फार तर बसताना सरकते. ब्रेकवरचे कव्हर ढिले निघाले तर काय होते, हे समजून घेण्यासाठी आधी ही कल्पना आली कुठून ते पाहावे लागेल.

स्पोर्ट्स कारमध्ये धातूचे पेडल कशासाठी?

रेसिंग कारमध्ये वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. पेडलला भोके पाडली की वजन थोडे घटते आणि भोकांच्या उठावदार कडांमुळे बुटाच्या तळव्याला पकड मिळते. रेसिंगचा चालक पातळ, सपाट तळव्याचे खास बूट घालतो. त्याच्या पायाला पेडलचा दाब नेमका कळावा लागतो आणि मऊ, जाड रबर तिथे आड येते. थोडक्यात, त्या चकाकीमागे उपयोग आहे, शोभा नंतरची.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वळणाआधी वेग कमी करताना रेसिंगचा चालक उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबतो, डाव्या पायाने क्लच दाबून गिअर खाली घेतो आणि त्याच क्षणी उजव्या पायाची टाच किंवा बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवून इंजिनचे फेरे वाढवतो. याला ‘हील अँड टो’ म्हणतात. त्यामुळे क्लच सोडताना चाकांना झटका बसत नाही आणि गाडी वळणात स्थिर राहते. हे जमण्यासाठी दाबलेला ब्रेक आणि न दाबलेला ॲक्सिलरेटर जवळपास एका पातळीत हवेत आणि दोन्ही एका पायाच्या आवाक्यात हवेत. म्हणून स्पोर्ट्स कारचे शौकीन पेडलची उंची आणि त्यांच्यातले अंतर मिलिमीटरमध्ये जुळवत बसतात.

घरगुती गाडीत मात्र नेमके याच्या उलट केलेले असते. तिथे ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा थोडा वर आणि थोडा दूर ठेवतात, म्हणजे एकाच पायाने चुकून दोन्ही दाबले जाऊ नयेत. स्पोर्ट्स कारमध्ये जी जवळीक कौशल्याची मानली जाते, तीच शाळेत मुले सोडायला निघालेल्या गाडीत धोक्याची आहे. ऑटोमॅटिक गाडीत तर क्लचच नसतो, त्यामुळे ‘हील अँड टो’चा प्रश्नच उरत नाही. तरीही ही कव्हर ऑटोमॅटिक गाड्यांसाठी दोनच्या सेटमध्ये मिळतात आणि खपतातही.

मग कंपनी देते ते धातूचे पेडल वेगळे असते का?

होय, आणि फरक दिसण्यात नसून बसवण्यात आहे. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि टायगुनच्या जीटी गाड्या घ्या किंवा ह्युंदाई आय-२० एन लाइन. त्यांना कारखान्यातूनच धातूचा मुलामा असलेले पेडल येतात. अशा पेडलच्या पृष्ठभागावर रबराचे उंचवटे ठेवलेले असतात. म्हणजे दिसतो धातू, पण तळव्याला धरून ठेवते ते रबरच. त्याची जाडी धरूनच पेडलची उंची ठरवलेली असते.

पेडलवर किती जोर पडू शकतो, याचा अंदाज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चांगला असतो. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी स्वतः छोटी रेसिंग कार बनवतात. त्या नियमावलीत ब्रेक पेडल २,००० न्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो वजनाइतका जोर न वाकता-तुटता सोसेल असे असावे लागते आणि ते पोलाद, ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचेच असावे लागते. घाबरलेला माणूस ब्रेकवर अक्षरशः उभा राहतो, हे गृहीत धरून केलेला हा नियम आहे. आता याच्या शेजारी, चार बारीक स्क्रूंवर तोललेले बाजारातले कव्हर ठेवून पाहा.

‘सगळ्या गाड्यांना बसणारे’ कव्हर नेमके कुठे बिघडते?

दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सेटवर बहुधा ‘युनिव्हर्सल’ असे लिहिलेले असते. पेडल मात्र कुठल्याच दोन गाड्यांचे सारखे नसते. कुणाचे रुंद, कुणाचे अरुंद, कुणाचे वरून लटकणारे, तर काही गाड्यांचा ॲक्सिलरेटर खाली फरशीला बिजागरीने जोडलेला. त्यामुळे एकच कव्हर सगळीकडे बसवायचे तर दोनच मार्ग उरतात. मागून पट्ट्यांनी आवळायचे किंवा पेडललाच भोके पाडून स्क्रू मारायचे.

आवळलेले कव्हर पहिल्या दिवशी घट्ट असते. त्यानंतर दर ब्रेकगणिक त्याच्यावर तिरका जोर पडत राहतो, कारण पाय पेडलवर कधीच नाकासमोर सरळ पडत नाही. खड्डे-गतिरोधकांचा हादरा वेगळाच. स्क्रू हळूहळू ढिले होतात आणि कव्हर आधी एका बाजूला झुकते. या टप्प्यावर ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण गाडी चालवताना पायाकडे कोण पाहतो? झुकलेल्या ब्रेकच्या कव्हरची कड ॲक्सिलरेटरकडे सरकली की दोन पेडलमधले अंतर बोटभर कमी होते. मग ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरवरही पडते. हे लिहिणाऱ्याने स्वतः अशी कव्हर दोन पावसाळे वापरली. तिसऱ्या पावसाळ्यात क्लचवरचे कव्हर गोल फिरले आणि चप्पल त्यात अडकली. गाडी उभी होती, म्हणून आज त्याची फक्त आठवण उरली आहे.

भोके पाडण्याचा मार्ग अधिक पक्का वाटतो, पण त्यात वेगळी अडचण आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचा ॲक्सिलरेटर प्लास्टिकचा असतो आणि तो तारेने नव्हे, तर सेन्सरने इंजिनशी बोलतो. बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलही प्लास्टिकचेच असते. त्यात ड्रिल चालवले की भोकापाशी चीर जाण्याची शक्यता असते आणि ती चीर कव्हरखाली झाकली जाते. लोखंडी ब्रेक पेडलला भोक पाडले तर ते लगेच तुटणार नाही, पण रंग गेलेल्या जागी गंज धरतो.

तिसरी गोष्ट जाडीची. कव्हर पेडलच्या मूळ रबरावरच बसवले तर ब्रेकची पातळी आणखी वर येते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायला तेवढे जास्त अंतर पडते आणि सवयीचा पाय पेडलच्या कडेला ठेचतो. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. पाय अडखळण्यात अर्धा सेकंद गेला तरी ब्रेक लागायच्या आत ११ मीटर गेलेले असतात. हिंगोली-नांदेड किंवा हिंगोली-वाशीम चौपदरी रस्त्यावर याहून जास्त वेग असतो आणि शेताच्या वाटेवरून अचानक रस्त्यावर येणारी दुचाकी किंवा जनावर काही ११ मीटरची वाट पाहत नाही.

चिखलाचा काय संबंध?

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा संबंध इथे फार जवळचा आहे. मृगाचा पाऊस पडला की कळमनुरी, सेनगाव, औंढा भागात शेतावर जाऊन आलेल्या माणसाच्या पायताणाला किलोभर चिखल लागलेला असतो. ही माती ओली असताना साबणासारखी निसरडी असते. कंपनीच्या रबरी पेडलवर आडव्या-उभ्या खाचा असतात; चिखल त्या खाचांत शिरतो आणि रबराचे उंचवटे तळव्याला धरून ठेवतात. गुळगुळीत पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर चिखलाला जायला जागाच नसते. कव्हरवर रबराच्या टिकल्या असल्या तरी स्वस्त सेटमध्ये त्या नुसत्या चिकटवलेल्या असतात आणि वर्षभरात एकेक करून गळतात. मग उरतो ओला धातू आणि ओली स्लीपर.

खरे तर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ट्रॅक्टरच्या पेडलकडे पाहा. ते धातूचेच असते, पण त्यावर ठसठशीत उंच रेघा असतात आणि चकाकी औषधालाही नसते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना एकेक दाबतात आणि रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पेडल खटक्याने एकमेकांत अडकवतात. तो खटका विसरून वेगात एकच ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर उलटू शकतो, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असते. पेडलशी खेळू नये, हे शहाणपण आपल्याकडे आहेच. ते फक्त ट्रॅक्टरवरून उतरून कारमध्ये बसलेले नाही.

मॅटमुळे खरेच अपघात झाले आहेत का?

याचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस ईएस ३५० गाडी ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत सुटली आणि गाडीतल्या चौघांचा मृत्यू झाला. चालक महामार्ग पोलीस दलातला अनुभवी अधिकारी होता. त्या दिवशी तो कामावर नव्हता. गाडी त्याची स्वतःची नव्हती. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिल्यामुळे डीलरने ती तात्पुरती दिली होती. ॲक्सिलरेटर अडकला आहे, ब्रेक लागत नाही, असा फोन गाडीतूनच आपत्कालीन क्रमांकावर केला गेला होता.

चौकशीत जे निघाले ते आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. गाडीत बसवलेली रबरी मॅट दुसऱ्याच, आकाराने मोठ्या मॉडेलची होती आणि ती जागेवर ठेवणाऱ्या खुंट्यांना अडकवलेली नव्हती. ॲक्सिलरेटरचे खालचे टोक तिच्या कडेत रुतून बसले होते. जळालेल्या गाडीत मॅट वितळून पेडलला चिकटलेली आढळली. ब्रेक तापून निकामी झाले होते. आणखी चटका लावणारी गोष्ट अशी, की काही दिवस आधी हीच गाडी नेलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाचा ॲक्सिलरेटरही असाच अडकला होता. त्याने गाडी सावरली आणि परत करताना तसे सांगितलेही होते.

सप्टेंबर २००९ अखेर टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाकडची मॅट काढून ठेवण्यास सांगितले. पुढे पेडलचे टोक कापून आखूड करणे, मॅट बदलणे आणि ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटरचा आदेश रद्द करणारी प्रणाली बसवणे असे उपाय केले गेले. दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये असावा, असा संशय बराच काळ होता. अमेरिकी सरकारने ‘नासा’च्या अभियंत्यांना तपासणीस लावले. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही. मॅटमध्ये रुतणारे आणि चिकटून राहणारे पेडल ही यांत्रिक कारणेच पुढे आली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये टोयोटाने १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

पेडलच्या कव्हरचे उदाहरण त्याहून ताजे आहे. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावले. ॲक्सिलरेटरवरचा धातूचा पत्रा घसरून वरच्या आतील आवरणात अडकत होता आणि पेडल दाबलेलेच राहत होते. कारण ऐकून हसावे की रडावे कळत नाही. कारखान्यात तो पत्रा सहज सरकून बसावा म्हणून साबण वापरला होता. साबणाचा अंश तिथेच राहिला आणि पत्र्याची पकड सैल झाली. तो पुन्हा सरकू नये म्हणून शेवटी रिव्हेट मारावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर बाजारातल्या पट्टीने आवळलेल्या कव्हरचा भरवसा किती धरायचा?

आपल्याकडे मॅट आणि लॅमिनेशनची अडचण काय?

आपल्याकडे एकावर एक थर चढवण्याची हौस आहे. कंपनीच्या कार्पेटवर दुकानदार व्हिनाइलचे लॅमिनेशन अंथरतो, त्यावर सेव्हन-डी मॅट येते, तिच्यावर केसाळ गवती जाळी आणि ती खराब होऊ नये म्हणून काही घरांत वर वर्तमानपत्रही! प्रत्येक थर पेडलखालची मोकळी जागा खातो.

ही जागा रिकामी का ठेवलेली असते, हे फारसे कुणी सांगत नाही. गाडीचे ब्रेक दोन स्वतंत्र शाखांत विभागलेले असतात, म्हणजे एका शाखेतून तेल गळाले तरी दुसरी चालावी. पण एक शाखा निकामी झाली की उरलेली लागू होण्यासाठी पेडल नेहमीपेक्षा बरेच खोल दाबावे लागते. रोजच्या वापरात ते तिथवर कधीच जात नाही, म्हणून थर टोचत नाहीत. ज्या दिवशी ते खोल जायला हवे, त्या दिवशी खाली मॅटची भिंत असते. क्लचचेही तसेच. तो पूर्ण दाबला गेला नाही तर गिअर टाकताना खरखर होते आणि लोक गिअरबॉक्सला दोष देत मेकॅनिककडे जातात.

मॅटच्या बाबतीत नियम सोपा आहे. कंपनीने फरशीवर खुंट्या किंवा हुक दिलेले असतील तर मॅटला त्या जागी भोके हवीत आणि ती त्यात अडकलेली हवी. एकावर एक दोन मॅट नकोत. धुऊन वाळवलेली मॅट घाईत उलटी किंवा शेजारच्या सीटची इकडे टाकली जात नाही ना, हेही पाहायला हवे. ही चूक सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत हमखास दिसते.

लॅमिनेशनची दुसरी बाजू ओलाव्याची आहे. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की पाणी डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी उतरते. साधे कार्पेट असेल तर पाय ओला होऊन लगेच कळते. व्हिनाइलखाली ते महिनोन्महिने साचते. आधी कुबट वास, मग पत्र्याला गंज, मग खालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांना हिरवट बुरशी. गाडी शेताजवळच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर उबदार थरांत उंदीर घर करतात ते वेगळेच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा लॅमिनेशनची कड उचलून हात फिरवला तरी बरेच नुकसान टळते.

पायांपाशी दिवे लावले तर बिघडते काय?

दिवा स्वतः निरुपद्रवी असतो. प्रश्न त्याच्या वायरीचा आहे. वायर कुठल्याशा मूळ वायरीला ओरबाडून जोडलेली असते, फ्यूज नसतो आणि उरलेली लांबी डॅशबोर्डखाली गुंडाळी करून कोंबलेली असते. हादऱ्याने ती सुटते आणि नेमकी क्लचच्या दांड्याशी लोंबते. ब्रेकच्या दांड्यापाशी मागचे लाल दिवे पेटवणारा छोटा स्विचही असतो. त्याला धक्का लागला तर ब्रेक दाबूनही मागचे दिवे लागत नाहीत किंवा कायमचे पेटलेले राहतात. मागून ट्रक येत असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली पिवळ्या वेष्टनातली वायर किंवा पिवळा जोड दिसला की तो एअरबॅगचा समजावा. त्याला दुकानातल्या पोराने हात लावता कामा नये, गाडीमालकानेही नये. कार्पेट पूर्ण उचलायचे काम असेल, तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करू द्यावे, मग त्यासाठी नांदेड किंवा अकोला गाठावे लागले तरी चालेल.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. मात्र कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत होणारा, तिचे मूळ वैशिष्ट्य बदलणारा फरक अशी व्याख्या आहे. पेडलचे रबर बदलणे किंवा मॅट टाकणे त्यात येत नाही. पेडलचा दांडा कापणे, वाकवणे, त्याची जागा बदलणे ही मात्र वेगळी गोष्ट. ब्रेक नेहमी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर असतेच.

पेडलच्या बाबतीत कायद्यानेच सांगितलेला एक बदल आहे, हेही गमतीशीर आहे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही नियंत्रणाची सोय असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचे आहे. आपण गाडी शिकलो तेव्हा शेजारी बसलेल्या ‘सरां’च्या पायाखाली जे जादा ब्रेक पेडल होते, ते हेच. अपंग व्यक्तींसाठी हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवता येतात. त्याची नोंद आरटीओकडे होते.

विम्याचा मुद्दा जास्त व्यवहारी आहे. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंची नोंद पॉलिसीत केली नसेल तर त्यांची भरपाई मिळत नाही. वायरिंगमधून आग लागली, तर बाहेरून केलेल्या जोडणीकडे सर्व्हेअरचे लक्ष आधी जाते.

मग काहीच बदलायचे नाही का?

तसे नाही. पेडलच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी बदल सगळ्यात स्वस्त आहे आणि तो कुणी करत नाही. झिजलेले रबर बदलणे! लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीत क्लच आणि ब्रेकच्या रबराच्या खाचा पार गुळगुळीत झालेल्या असतात. मोजे काढून घालावेत तसे हे रबर बोटांनी निघते आणि नवे बसते. धातूचा देखावा हवाच असेल तर त्याच गाडीसाठी कंपनीने काढलेला सेट पाहावा. काही गाड्यांत महागड्या व्हेरिअंटचे पेडल-रबर साध्या व्हेरिअंटलाही जसेच्या तसे बसते. पार्टचा क्रमांक सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून मिळतो. मूळ रबर काढून त्याच्या जागी बसणारे घ्यावे, रबरावर चढणारे नको.

डाव्या पायाला टेकू देणारे ‘डेड पेडल’ ही खरोखर आरामाची गोष्ट आहे. ते नसेल तर लांबच्या प्रवासात डावा पाय नकळत क्लचवर विसावतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते. मात्र ते बाहेरून बसवताना फरशीत स्क्रू मारावे लागतात आणि पत्र्याखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जात असतात. खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय ड्रिल चालवू देऊ नये.

दुकानातून बाहेर पडण्याआधी पाच मिनिटे काढावीत. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडावा. तो टपकन वर आला पाहिजे. मॅट मुद्दाम पुढे सारून पुन्हा तेच करावे. कव्हर हाताने चारही बाजूंना ओढून, पिळून पाहावे. इंजिन सुरू करून ब्रेक जोरात दाबून धरावा आणि मागचे दिवे लागतात का, ते दुसऱ्याला पाहायला सांगावे. शेवटी रोज जे पायताण घालून गाडी चालवता, तेच घालून ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर पाय आलटून-पालटून ठेवून पाहावा. सँडल किंवा बूट असेल तर उत्तम. मागून सुटी असलेली स्लीपर पेडलखाली जाऊ शकते.

चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकलाच तर?

वाकून हाताने मॅट ओढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण नजर रस्त्यावरून जाते. ब्रेक एकदाच, जोरात आणि सलग दाबावा. पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात हवेची साठवण पुन्हा भरत नाही, त्यामुळे दोन-तीनदा पंप केले की पेडल दगडासारखे कडक होते. त्याच वेळी क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर ‘एन’वर ढकलावा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे. चाकांचा आणि त्याचा संबंध तुटलेला असतो. दिवे लावून गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावर इंजिन बंद करावे. गाडी धावत असताना चावी फिरवून पूर्ण बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. बटन-स्टार्टच्या गाडीत नुसते बटन दाबून इंजिन बंद होत नाही. बहुतेक गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावे लागते. कॅलिफोर्नियातल्या त्या लेक्ससमध्येही ते तीन सेकंद दाबून धरावे लागत होते. तुमच्या गाडीत किती वेळ, हे डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते.